सिनसिनाटीचं फ्रीडम सेंटर: मुलांना जरूर न्या

लेकीच्या वर्गासोबत पालक म्हणून नॅशनल अंडरग्राउंड रेलरोड फ्रीडम सेंटर पाहून आले. 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणजे रेल्वे नव्हे, तर अमेरिकेतल्या गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्यांचं गुप्त जाळं. म्युझियम ओहायो नदीकाठी आहे. पलीकडे केंटकी, तिथे गुलामगिरी कायदेशीर होती, अलीकडे बंदी. पण १८५०च्या कायद्याने नदी ओलांडलेल्यांनाही पकडून परत नेता यायचं, म्हणून पुष्कळजण थेट कॅनडा गाठायचे. मुलांना हे नदी समोर दिसत असताना चटकन कळलं.

सर्वांत आधी 'स्लेव्ह पेन' बघा. केंटकीहून आणलेली, १८३०च्या सुमाराची ओंडक्यांची दुमजली कोठडी. दक्षिणेत विकायला नेण्याआधी माणसं इथे डांबायचे. बायका खाली, चुलीपाशी. पुरुष वर, तिथल्या लोखंडी कड्यांतून साखळी जायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्यांना बांधायचे. आत शिरता येतं. दंगा करणारी पोरंही तिथे दबक्या आवाजात बोलत होती. जोतिराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, त्यांचं काम किती जिवावरचं होतं हे मला इथे उमगलं.

शाळेने वेळ फारच कमी ठेवला होता, फलक वाचायचे राहिले. तुम्ही अख्खा दिवस काढून जा. अगदी लहान मुलं असतील तर कोठडीबद्दल घरीच आधी बोलून ठेवा.