व्हेरिकोजसाठी एकच मशीन घ्यायचंय: आरएफ की लेझर?

स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवणाऱ्या सर्जनला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच: पायातल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज, आतून उष्णतेने बंद करायला आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी) घ्यावं की लेझर. मोठ्या शहरातल्या व्हॅस्क्युलर सर्जनला तो तितकासा पडत नाही, त्यांच्याकडे बऱ्याचदा दोन्ही असतात आणि वायर धरायला रेसिडेंट असतो. मी लिहितोय ते इचलकरंजीसारख्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी, जिथे पाळीच्या पाळी मागावर उभे राहणारे कामगार, हॉटेलात भाकऱ्या थापणाऱ्या बायका, एसटीचे कंडक्टर, शाळेतले मास्तर असे पेशंट येतात, येतात तेही घोट्यापाशी कातडी काळी पडल्यावर किंवा जखम चिघळल्यावर, आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आपण, एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय एवढीच माणसं. मी दोन्हीवर काम केलंय आणि शेवटी आरएफ घेतलं. का घेतलं ते सांगतो, आणि लेझर कुणी घ्यावं तेही सांगतो, कारण लेझर घेणारा चुकतोय असं माझं अजिबात म्हणणं नाही.

आधी जे दोन्हीकडे सारखंच आहे ते बाजूला काढू. ट्युमेसंट, म्हणजे शिरेभोवती सुईने भरायचं भुलीचं पाणी, दोन्हीला लागतं, आणि ते नीट दिलं नाही तर कुठलंच मशीन तुम्हाला वाचवणार नाही. शिरेत घातलेल्या नळीचं किंवा तारेचं टोक जंक्शनपासून (ही शीर खोल शिरेला मिळते तिथून) दोन सेंमी खाली, शीर कातडीपासून निदान एक सेंमी आत ढकललेली, गुडघ्याखाली गेलात की शिरेलगतच्या सॅफेनस नर्व्हची काळजी, नंतर आठवड्याच्या आत परत डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून क्लॉट डीप व्हेनकडे, म्हणजे खोल शिरेकडे, सरकलाय का ते बघणं, हे सगळं दोन्हीकडे तसंच. शीर बंद होण्याचं प्रमाणही हात बसल्यावर दोन्हीत चांगलंच येतं, त्यामुळे कंपनीचा माणूस ऑक्लूजन रेटच्या स्लाइड दाखवायला लागला की चहा प्यायचा आणि पुढचं विचारायचं. इंग्लंडच्या नाइस या उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या गाइडलाइनमध्येही आधी उष्णतेने शीर बंद करा, ते जमत नसेल तर फोम (शिरेत फेसाळ औषध टोचणं), तेही नसेल तर ऑपरेशन असा क्रम आहे, आणि उष्णता आरएफची की लेझरची यात त्यांनी डावं-उजवं केलेलं नाही.

मग लेझरच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर पैसा. लेझरचं मशीन एकदा घेतलं की त्यावर पाइल्स होतात, फिस्टुला होतो, पायलोनिडल सायनस होतो, म्हणजे व्हेरिकोजचे पेशंट महिन्याला मोजकेच आले तरी मशीन धूळ खात पडत नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावात जी लेझर आलीत ती बहुतेक पाइल्ससाठीच आलीत, व्हेरिकोज नंतर त्यावर चढलं. लेझरचं फायबर (प्रकाश शिरेत नेणारी बारीक तार) आरएफ कॅथेटरपेक्षा (शिरेत घालायची नळी) साधारण स्वस्त पडतं आणि फायबर देणारे बरेच जण आहेत, एकाने भाव वाढवला तर दुसऱ्याकडे जाता येतं. आरएफमध्ये ज्या कंपनीचा जनरेटर (म्हणजे मुख्य मशीन) त्याच कंपनीचं कॅथेटर, एकदा बांधले गेलात की गेलात. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, ज्याचं प्रॉक्टोलॉजीचं (पाइल्स-फिस्टुलाचं) काम मोठं आहे त्याने लेझरच घ्यावं असं मलाही वाटतं.

आता मला ज्या एका गोष्टीचा वैताग आला त्याबद्दल जरा सविस्तर. लेझरमध्ये डोस ठरवतो तुमचा हात. मशीनवर तुम्ही दहा वॅट लावले आणि सेंटीमीटरला सत्तर जूल द्यायचे ठरवले तर एक सेंमी मागे यायला सात सेकंद लागले पाहिजेत, ना पाच ना दहा. चार सेकंदांत ओढलंत तर चाळीस जूल, शीर सहा महिन्यांनी परत उघडायची भीती, आणि बारा सेकंद रेंगाळलात तर एकशे वीस, तिथे भिंत जळणार, रक्त बाहेर येणार, मांडी काळी-निळी होणार. मशीन बीप देतं, फायबरवर सेंमीच्या खुणा असतात, सगळं खरं आहे. पण आपल्या ओटीत काय होतं बघा, डाव्या हातात सोनोग्राफीचा प्रोब, त्यानेच शीर दाबून धरायची, उजव्या हातात फायबर, पाय पॅडलवर, कान बीपकडे, डोळा स्क्रीनवर की टोक कुठे आलं, तेवढ्यात पेशंट पाय हलवतो कारण एका जागी ट्युमेसंट कमी पडलंय, मग थांबा, तिथे सुई द्या, परत सुरू करा, आणि थांबलो तेव्हा नेमके किती जूल गेले होते आणि आता कुठून धरायचं याचा हिशेब डोक्यात. वर चष्म्यावर सेफ्टी गॉगल, मास्कच्या वाफेने दोन्ही काचा धुकट, आणि गॉगलच्या रंगामुळे कलर डॉपलरचा निळा-लाल नीट कळत नाही. खिडकीला पडदा, दाराला पाटी, सिस्टरला गॉगल, पेशंटला गॉगल, हे वेगळंच. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे, पण सगळ्या मिळून लक्ष जिथे पाहिजे तिथून काढून घेतात. काही लेझरसोबत मोटरने फायबर ओढायची सोय मिळते, ती असेल तर माझा हा आक्षेप बराचसा संपतो हे मान्य, पण आमच्याकडे डेमोला आलेल्या मशीनसोबत ती कुणी दिली नाही.

आरएफमध्ये, म्हणजे सेगमेंट-सेगमेंटने चालणाऱ्या आरएफमध्ये, हा हिशेबच नाही. कॅथेटरच्या टोकाला सात सेंमीची गरम होणारी कॉइल, ती 120 डिग्रीला जाते, वीस सेकंदांनी मशीन आपोआप बंद. मग कॅथेटरवरच्या पुढच्या खुणेपर्यंत मागे ओढायचं, परत बटण, परत वीस सेकंद. जंक्शनजवळच्या पहिल्या तुकड्याला दोन वेळा द्यायचं, बाकी ठिकाणी एकदा. त्या वीस सेकंदांत उजवा हात मोकळा असतो, दोन्ही हातांनी मांडी दाबता येते आणि पेशंटशी बोलताही येतं. पेशंटच्या अंगातून करंट जात नाही, कॉइल गरम होते आणि ती उष्णता भिंतीला लागते, त्यामुळे कॉटरीसारखी प्लेट चिकटवायची भानगड नाही.

आणि एक गोष्ट, जी ब्रोशरमध्ये कुणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही पण मला सगळ्यात आवडते. स्क्रीनवर तापमानाच्या शेजारी वॅटचा आकडा असतो. बटण दाबलं की तो वर चढतो आणि तापमान 120 ला पोचलं की भराभर खाली यायला लागतो. तो खाली यायला तयार नसेल तर समजायचं की शिरेत अजून रक्त आहे आणि ते उष्णता घेऊन चाललंय, लगेच प्रोब जोरात दाबायचा, हेड लो (टेबलाची डोक्याची बाजू खाली) अजून थोडं करायचं, की आकडा उतरलेला दिसतो. म्हणजे आपलं ट्युमेसंट आणि दाब बरोबर पडलाय की नाही हे मशीन तिथल्या तिथे सांगतं, पुढच्या डॉपलरची वाट बघावी लागत नाही. ज्याच्याकडे शेजारी उभा राहून सांगणारा सीनियर नाही त्याला याची किंमत कळेल.

पेशंटच्या बाजूने बघायचं तर फरक पहिल्या दहा दिवसांत दिसतो. जुन्या 980 च्या (नॅनोमीटर तरंगलांबीच्या) लेझरला साध्या टोकाचं फायबर वापरायचो तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी फोन ठरलेला, "डॉक्टर, मांडीत दोरी ताणल्यागत व्हायलंय ओ, चालता येईना." तपासलं तर काही नसायचं, थोडं काळं-निळं आणि हाताला लागणारी कडक शीर, गोळी दिली की आठवड्यात बसायचं, पण मागावर रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला तो आठवडा परवडत नाही. आरएफनंतर असे फोन माझ्याकडे खूपच कमी येतात, मी वहीत मोजून ठेवलेलं नाही, सिस्टरच्या लक्षात आलं आणि मग माझ्या. अभ्यासही साधारण हेच सांगतात, 2009 ची रिकव्हरी ट्रायल 980 लेझर विरुद्ध सेगमेंटल आरएफ अशीच होती आणि पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं, काळं-निळं होणं आरएफमध्ये कमी होतं. डेन्मार्कच्या रासमुसेन यांची 2011 ची ट्रायल तर पाचशे पेशंटची, लेझर, आरएफ, फोम आणि स्ट्रिपिंग (ऑपरेशनने शीर ओढून काढणं) अशी चौघांची तुलना, त्यातही आरएफ आणि फोमवाले लवकर कामाला लागले, फक्त फोमच्या शिरा जास्त उघडल्या. पण इथे लेझरवर अन्याय नको. 1470 नॅनोमीटरचं लेझर आणि रेडियल फायबर आल्यापासून हा फरक बराच कमी झालाय, त्यात ऊर्जा रक्तापेक्षा पाण्यात जास्त शोषली जाते आणि टोकातून गोल पसरते, भिंतीला भोक पडत नाही. म्हणून लेझर घेणार असाल तर 980 स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, 1470 आणि रेडियलच घ्या, यावर मात्र मी ठाम आहे.

सीनियर लोकांना विचारलंत तर काही जण आरएफचं नाव काढताच मान हलवतील, फार वेळ खातं म्हणतील. ते सांगतायत ते पहिल्या पिढीबद्दल, 1999 च्या सुमारास आलेल्या मशीनबद्दल. तेव्हा तापमान 85 डिग्री, कॅथेटर मिनिटाला तीनेक सेंमी इतक्या हळू ओढायचं, मधेच इलेक्ट्रोडवर क्लॉट चिकटला की सगळं बाहेर काढून पुसायचं. 2006-07 च्या आसपास सेगमेंटवालं आलं आणि ते दुखणं गेलं. दुसरी बाजूही सांगतो, बाजारात आरएफ म्हणून विकलं जाणारं सगळं असं सेगमेंटवालं नसतं. काही मशीनमध्ये कॅथेटर थोडं थोडं ओढत पल्स द्यावे लागतात, काहींत आवाजाच्या चढ-उतारावर सतत ओढावं लागतं. ती वाईट नाहीत, पातळ शिरांना चांगली पडतात, पण मी ज्या कारणासाठी आरएफकडे वळलो ते कारण तिथे लागू होत नाही, हात परत आलाच. स्वस्त पडतंय म्हणून घेण्याआधी एवढं एक विचारून घ्या.

आरएफचा त्रास कुठे होतो तेही लिहितो. सात सेंमीची कॉइल मांडीतल्या सरळ लांब शिरेला उत्तम, पण शॉर्ट सॅफेनसला (पोटरीमागच्या शिरेला) किंवा तुटक तुकड्यांना ती लांब पडते. तीन सेंमीची मिळते, पण दोन्ही प्रकार स्टॉकमध्ये ठेवायचे म्हणजे पैसे अडकले आणि एक्स्पायरीवर लक्ष ठेवणं आलं. शीथ (कॅथेटर ज्यातून आत घालायचं ती नळी) सात फ्रेंच जाडीचा लागतो, बारीक शीर थंडीने किंवा भीतीने आकसली (स्पाझम) की आत घालायला नाकी नऊ येतात, त्यामुळे पंक्चरच्या आधी पेशंटला पाय खाली सोडून बसवायचं आणि एसी बंद ठेवायचा. आधी फ्लेबायटिस (शिरेचा दाह) होऊन गेलेल्या, वेड्यावाकड्या शिरेत लेझरचं बारीक फायबर जितकं सहज सरकतं तितकं हे सरकत नाही. परफोरेटरला (वरची शीर खोल शिरेला जोडणाऱ्या छोट्या शिरेला) माझ्याकडे फायबरच हवं होतं असं अधूनमधून वाटतं, तिथे मी फोमवर भागवतो. पेसमेकरचा पेशंट असेल तर आरएफच्या आधी कार्डिऑलॉजिस्टला विचारणं आलं. आणि कॅथेटर एकदाच वापरायचं असतं, त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. गॅसने निर्जंतुक करून परत वापरा, सगळे वापरतात, असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दुसऱ्याच्या रक्तातून आलेलं कॅथेटर आपल्या पेशंटच्या शिरेत घालायचं असेल तर हे काम न केलेलं बरं, खर्च झेपत नसेल तर फोम करा किंवा पुढे पाठवा.

पेशंट मात्र लेझरच मागत येतात, कारण पोस्टरवर तेच असतं. सुरुवातीला मला याची काळजी वाटली होती की आरएफ म्हटल्यावर लोक शेजारच्या गावात जातील. तसं काही झालं नाही. आत शीर गरम करून बंद करणार, टाका नाही, संध्याकाळी चालत घरी, एवढं सांगितलं की माणूस मशीनचं नाव विचारत नाही, खर्च विचारतो आणि कामावर कधी जाता येईल ते विचारतो. जखमेच्या पेशंटला तर थांबवूच नका, 2018 च्या एव्हरा ट्रायलमध्ये शीर लवकर बंद केलेल्यांच्या जखमा भरायला मध्यकाने (मीडियन) 56 दिवस लागले आणि उशिरा केलेल्यांच्या 82. त्यात मशीन कोणतं याने काही अडत नाही, कुठलंही असो पण वेळेत करा.

तर ज्याचं पाइल्स-फिस्टुलाचं काम जोरात आहे, हाताखाली शिकलेला माणूस आहे, किंवा अवघड, परत आलेल्या केसेस जास्त येतात, त्याने 1470 चं लेझर घ्यावं, पस्तावणार नाही. आणि एकट्याने ओटी चालवायची आहे, मांडीतल्या सरळ शिरा हेच नव्वद टक्के काम आहे आणि पेशंटला लवकर कामावर पाठवायचंय, तर सेगमेंटवालं आरएफ, मला विचाराल तर डोळे झाकून. जनरेटर विकत घेऊ नका, कॅथेटरच्या ऑर्डरवर तो वापरायला देतात, तसा करार मागा आणि बिघडला तर किती दिवसांत बदली देणार ते त्यात लिहून घ्या. डेमो दोन्हींचा मागवा, पण अट घाला की कंपनीचा माणूस हात न लावता लांब उभा राहील आणि तुमचीच सिस्टर मदतीला असेल. तो शेजारी उभा राहून बटणं दाबत असला की दोन्ही मशीन सारखीच सोपी वाटतात.