'=' चं बटण दोनदा लागतं, तरी ठेवून घेतला

सायंटिफिक कॅल्क्युलेटर, दोन ओळींच्या डिस्प्लेचा. लेकीला डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली म्हणून जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून घेतला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारच करायची आहे.

तक्रार एकच. '=' दाबलं की कधीकधी दोनदा लागतं. आठ-दहा वेळा दाबलं की एकदा तरी होतंच. दुकानात परत नेला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हळू दाबा." तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतेय, बटण दाबायला मला हा शिकवणार! लेकीला दुसरा घेऊन दिला. हा माझ्याकडे राहिला.

बाकी वस्तू चांगली आहे. आकडे ठळक, झाकण घट्ट बसतं, आणि 'आन्स' चं, म्हणजे आधीचं उत्तर पुन्हा वापरायचं, बटण हाताशी. मला तेच लागतं. ०.३ लिहून '=' करायचं, मग ४ × आन्स × (१ − आन्स) लिहायचं आणि पुढे नुसतं '=' दाबत राहायचं. ०.८४, ०.५३७६, ०.९९४३, एकदम ०.०२२५. नियम साधा, एवढासाही नशिबाचा भाग नाही, तरी आकडे उंडारलेल्या वासरासारखे पळतात. लेकीच्या नव्या कॅल्क्युलेटरवर ०.३००१ ने सुरुवात केली. चार-पाच आकडे दोघे हातात हात घालून चालले. बाराव्या दाबाला एकात ०.५५, दुसऱ्यात ०.१५.

म्हणजे पुढचा आकडा कुठे असेल हे सांगणं सोडून द्यायचं आणि कुठे किती वेळा येतो ते मोजायचं. उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९४७ मध्ये याच सूत्राबद्दल लिहिलं होतं. हिशेब असा, की शंभरातले सुमारे साडेवीस आकडे ०.१ च्या खाली पडतात, तितकेच ०.९ च्या वर, आणि मधल्या ०.४५ ते ०.५५ या पट्ट्यात जेमतेम साडेसहा. टोकांना गर्दी, मध्ये शुकशुकाट.

चार रात्री बसून ५०० आकडे मोजले. वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ०.१ च्या खाली १०७ आले, अपेक्षा १०२ ची. मधल्या पट्ट्यात २९, अपेक्षा ३२ ची. आणि ही मोजणी याच बिघडलेल्या बटणावर झालेली! बटण दोनदा लागलं की मधला एक आकडा न दिसताच निघून जायचा. पहिल्या रात्री मी चिडून पुन्हा सुरुवातीपासून केलं. दुसऱ्या रात्री ट्यूब पेटली: बटण काही आकडा बघून दगा देत नाही. अधूनमधून एखादा आकडा गळाला तरी उरलेल्यांची वाटणी तीच राहते. बर्कहॉफ या गणितज्ञाने १९३१ मध्ये सिद्ध केलं ते याच्या मुळाशी आहे, एकाच वाटेवर पुरेसा वेळ चाललात तर सगळा मुलूख ज्याच्या त्याच्या प्रमाणात दिसतो. 'जवळजवळ' कुठूनही निघा, एवढी अट. ०.७५ ने सुरुवात केली तर जन्मभर ०.७५ च येतं, आणि ०.५ दुसऱ्या दाबापासून कायमचा शून्यावर. एका विद्यार्थ्याने नेमका ०.५ घेतला आणि "मॅडम, बिघडला" म्हणून माझ्याकडे आणला.

माझ्या कामाला पाच तारे. किराण्याचा किंवा परीक्षेचा हिशेब असेल तर एक. दुकानात घेतानाच तपासा: १ लिहून '=', मग आन्स + १ लिहून '=' मोजून वीस वेळा दाबा. २१ च आले पाहिजेत. माझ्याकडे २३ येतात.