आशाताईंच्या गृहभेटी : लॉकडाऊनमधल्या बाळंतपणाचा अनुभव

बाळंतीण घरी आली की तिच्या दारात येऊन बाळाचं वजन करणारी, ताप बघणारी आणि पाजायला शिकवणारी एक सरकारी सेवा आहे. ती फुकट आहे. गावातल्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या स्वयंसेविका, ती देतात. तरी माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना ती आपल्या हक्काची आहे हेच माहीत नाही. आशाताई म्हणजे लोहाच्या गोळ्या वाटणारी आणि पोलिओच्या रविवारी बोलवायला येणारी बाई, एवढीच ओळख. नणंदेला सातवा महिना लागलाय, तिनं या भेटींचं विचारलं म्हणून सगळं नीट लिहिते.

माझी लेक मे २०२० मधली. सासर रेणापूर तालुक्यात, माहेर अंबाजोगाईला. एरवी सकाळी निघालं की चहाला माहेरी. पण रेणापूर लातूर जिल्ह्यात आणि अंबाजोगाई बीडमध्ये, आणि जिल्ह्यांच्या सीमा २३ मार्चलाच बंद झालेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ओटी भरून न्यायचं, हे सगळं ठरलेलं होतं. ते राहूनच गेलं. सासूबाई मोठ्या दिरांकडे चाकणला अडकलेल्या. घरात मी, नवरा आणि मामा, म्हणजे माझे सासरे. दोन्ही पुरुषांनी तान्हं लेकरू कधी हातात धरलेलं नव्हतं. भाऊ डिंकाचे लाडू घेऊन निघाला, त्याला नाक्यावरून परत पाठवलं. लाडू नंतर एका भाजीच्या टेम्पोतून आले. आईला टेम्पोतून येता येत नव्हतं.

जिथं बाळंतपण झालं तिथं गर्दी नको म्हणून लवकर सुट्टी दिली. बाळाला छातीशी कसं धरायचं हे दाखवायलाही कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो आणि संध्याकाळी आशाताई दारात उभ्या होत्या. तोंडाला पदर, त्याखाली घरी शिवलेला मास्क, खांद्याला पिशवी. आधी साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेल दिला तो घेतला नाही, हात हवेतच वाळवले. मग पिशवीतून काटा काढला, त्याला झोळी अडकवली, काटा शून्यावर आहे का ते डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि मगच लेकीला झोळीत ठेवलं. काट्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात. आमची हिरव्यात होती. थर्मामीटर काखेत. पोटावरचं कापड बाजूला करून घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना गाठायचा, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला तेव्हाच सांगून ठेवलं, आणि त्याच्याकडून एकदा मोजूनही घेतलं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू घटले, १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०११ पासून हे काम देशभरातल्या आशांकडे आलं. म्हणून कुणी ‘ती काय डॉक्टर आहे का’ म्हणालं तर मला राग येतो.

आमची खरी परीक्षा सातव्या दिवशी होती. वजन उतरलेलं. लेक रात्रभर किरकिर करायची. मे महिन्यातलं ऊन, त्यात लाइट जायची. शेजारच्या चुलत सासूबाई मायेनंच म्हणत होत्या, "उन्हाळा हाय, लेकराच्या घशाला कोरड पडली असंल, पाणी पाजा, गायीचं दूध लावा." आई फोनवर घुटीचं विचारत होती. मला वाटायला लागलं की मला दूधच नाही.

ताईंनी वजन लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "पाजा बरं माझ्यासमोर." मी पाजलं. त्या खाली वाकून बघत राहिल्या. "दूध लई हाय ओ ताई, पण नुसतं बोंड तोंडात जायलंय. काळा भाग बी जाऊ द्या." लेकीचं डोकं आणि पाठ एका रेषेत धरायला लावली, पोट माझ्या पोटाला टेकवलं, खालचा ओठ बोटानं बाहेर वळवला. घोट गिळल्याचा आवाज आला. तो मी तोवर ऐकलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून निघायला हवं, हे समजावलं. आईच्या दुधात पाणी असतंच, म्हणून मे महिना असला तरी वरचं पाणी नाही, सहा महिने नाही.

मग स्वतःहून म्हणाल्या, "तुमच्या आईला लावा फोन." व्हिडिओ कॉलवर त्यांनी आईला घुटी का नको, मध का नको, नाळेला काहीच का लावायचं नाही हे एकेक करून सांगितलं. आई ऐकत होती. शेवटी ताई म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका माय, मी हाय इथं." आई रडली. त्या दिवसानंतर आई फोनवर मला सूचना द्यायची थांबली आणि ताई काय म्हणाल्या ते विचारायला लागली. चौदाव्या दिवशी वजन भरून आलं होतं. नवऱ्याला त्यांनी लेकीला उघड्या छातीवर धरायला शिकवलं, त्यामुळे मला दुपारी झोप मिळायला लागली. बापानं हे करायचं असतं हे आमच्या घरात आधी कुणाच्या डोक्यात नव्हतं.

त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो : आई दिवसातून किती वेळा पोटभर जेवते? ताईंनी तो वाचून विचारला आणि उत्तरासाठी थांबल्या. माझ्या जेवणाचं मला तोवर घरात कुणी विचारलं नव्हतं. मामांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शेपू निवडून ठेवला.

उणीव आहे ती सांगते. बाळंतिणीच्या मनाची चौकशी या भेटींत फार कमी होते. ताप, अंगावरून जाणं, जेवण, सगळं विचारतात; पण दिवस मावळला की मला विनाकारण रडू यायचं, ते मी बोलले नसते तर कळलंच नसतं. ते विचारलंच पाहिजे, आणि त्यासाठी वेळ लागतो. तो वेळ ताईंकडे नव्हता. पुण्या-मुंबईहून आलेल्यांची घरोघर नोंद, सर्वे, सगळं त्यांच्याच माथी. या सगळ्या भेटींचे मिळून त्यांना अडीचशे रुपये मिळतात. हे मला फार लाजिरवाणं वाटतं. आणि ताई मालिश, आंघोळ, धुणं करायला येत नाहीत. त्यासाठी वेगळी सोय बघा, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

नणंदेला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना एवढंच सांगते. पोटुशी असतानाच आशाताईंचा नंबर घेऊन ठेवा. बाळंतपण दुसऱ्या गावी झालं तर घरी येण्याआधी फोन करा, नाहीतर त्यांना कळत नाही. कुणी आलंच नाही तर आरोग्य उपकेंद्रात सिस्टरना विचारा. नवऱ्याला भेटीच्या वेळी घरी थांबवा. आल्यावर खुर्ची द्या, ओट्यावरून बोळवू नका. आणि भेट न होता फॉर्मवर सही करू नका. आमची एकविसाव्या दिवसाची भेट सर्वेमुळे फोनवरच झाली. ताई दुसऱ्या दिवशी उन्हातून आल्या, काटा लावून वजन केलं आणि मगच सही घेतली.