‘एर्लकोनिग’: शुबर्ट की लोवे?

जर्मन कवी गटेची 1782ची कविता एकच: रात्र, वारा, घोड्यावर बाप, कुशीत तापलेलं पोर आणि त्याला भुलवणारा एर्लकोनिग, म्हणजे भुतांचा राजा. संगीतकार शुबर्टनं ती 1815 मध्ये, अठराव्या वर्षी गाण्यात बांधली. पियानोवादकाच्या उजव्या हाताला उसंत नाही. टापा थांबतच नाहीत. मुलाची ‘बाबा, बाबा’ ही हाक दर वेळी वरच्या सुरात चढते, खालची साथ तिला बोचत राहते. अंगावर काटा येतो.

त्याच कवितेवरचं संगीतकार कार्ल लोवेचं गाणं जेमतेम दोन-तीन वर्षांनंतरचं. त्याचा एर्लकोनिग मात्र जवळजवळ कुजबुजतो, मेजर (कानाला उजळ वाटणाऱ्या) स्वरसंगतीच्या मोजक्या सुरांतच घुटमळतो. मला भूत म्हणून हाच खरा वाटतो. तरी पहिल्यांदा ऐकणार असाल, तर शुबर्टच लावा. हेडफोन घालून.