मुलांसाठीचा चुंबक-संच: चुंबक चांगले, तार अपुरी

दोन चुंबकपट्ट्या, चार कडी-चुंबक, होकायंत्र, बंद डबीतला लोहकीस, पोलादी खिळा, एनॅमलचा (वीज न वाहू देणारा) लेप असलेली तांब्याची तार आणि सेलचा होल्डर, असा हा संच आहे. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी जरूर घ्यावा. पुस्तिकेवर मात्र विसंबू नये. मण्याएवढे, पण फार जोरदार असे निओडायमियम धातूचे चुंबक यात नाहीत, हे उत्तम. तसले दोन गिळले गेले तर आतडे चिमटीत सापडते.

सर्वांत सरस कडी-चुंबक. सारखे ध्रुव समोरासमोर येतील असे ते उभ्या पेन्सिलीत ओवले की वरचे तरंगतात. मग मुलांना फटी मोजायला लावा. खालची फट सर्वांत अरुंद, कारण वरच्या सगळ्यांचे वजन तिच्यावर. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही!

घोडे अडते ते विद्युतचुंबकापाशी. ५ मिलिमीटर जाडीच्या खिळ्यावर १०० वेढ्यांना सुमारे पावणेदोन मीटर तार लागते, जोडणीची टोके वेगळी. संचात मिळते जेमतेम एक मीटर, तेव्हा दोन मीटर निराळी आणा. दोन्ही टोकांवरचा एनॅमल दोन-दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरने खरवडा. तो पारदर्शक असल्याने तार उघडीच वाटते आणि प्रयोग फसण्याचे नेहमीचे कारण हेच. दुसरा थर गुंडाळताना फिरवण्याची दिशा उलटली, तर दोन्ही थर एकमेकांचा जोर मारतात. १.५ व्होल्टच्या एका सेलला एका वेळी पाच सेकंदच जोडा. तार चटकन तापते.

प्रवाह तोडताच सगळ्या टाचण्या पडतात, असे पुस्तिका सांगते. दिलेल्या खिळ्याला दोन-चार चिकटूनच राहतात, कारण पोलाद थोडे चुंबकत्व धरून ठेवते. त्याऐवजी नरम लोखंडाचा बोल्ट वापरा, आणि मग दोन्हींची तुलना करू द्या.

होकायंत्र तकलादू आहे. कडी-चुंबक खेटून नेल्यास सूचीचे ध्रुव उलटू शकतात, मग ती उत्तरेच्या जागी दक्षिण दाखवते. त्यापेक्षा शिवणाची सुई बरी. चुंबकपट्टीचा दक्षिण ध्रुव नेढ्याकडून टोकाकडे ३०-४० वेळा घासा. परतताना पट्टी उचलून आणा, मागेपुढे घासू नका. सुई बुचाच्या चकतीवर ठेवून प्लास्टिकच्या भांड्यातल्या पाण्यावर सोडली की टोक उत्तरेकडे वळते. चुंबकपट्ट्या तेवढ्या वेळ लांब ठेवा.

ठेवून दिलेल्या चुंबकपट्ट्यांचे चुंबकत्व टिकावे म्हणून टोकांना लावायचे लोखंडी तुकडे संचात नाहीत. तेव्हा खेळून झाले की चुंबकपट्ट्या विरुद्ध ध्रुव शेजारी येतील अशा ठेवून दोन्ही टोकांना एकेक लोखंडी पट्टी आडवी लावा.