1962 च्या पराभवाची तीन पुस्तकं: आठ महिने वाचल्यावर

मागच्या उन्हाळ्यात नागपूरला बर्डीवरच्या एका जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून तीन इंग्रजी पुस्तकं घेतली. तिन्ही 1962 च्या चीन युद्धावर, आणि लिहिणारे एकाच साखळीतले: चौथ्या कोअरचे जनरल कौल (1967), त्यांच्या हाताखालच्या डिव्हिजनचे निरंजन प्रसाद (1981), आणि प्रसादांच्या हाताखालचे सातव्या ब्रिगेडचे दळवी (1969). पानं पूर्ण आहेत असं ठेलेवाला म्हणाला होता. दळवींतला नकाशा कुणीतरी आधीच फाडून नेलेला. नामका चू या सरहद्दीवरच्या नदीकाठी ही ब्रिगेड होती; तिच्यावरचे पूल शेवटी वहीत हाताने काढून घेतले.

सुरुवात दळवींपासून केली, तिथेच फसलो. 22 ऑक्टोबरला कैद झालेला, पुढच्या मे महिन्यात सुटलेला माणूस. सुती कपड्यांत कुडकुडणारे जवान, विमानातून टाकलेलं आणि दरीत गेलेलं सामान, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. दोन महिने मी त्यांचाच वकील होतो.

मग कौल काढले. थंडी, बूट, गोळ्यांचा तुटवडा इथपर्यंत दोघांचं जमतं. नको तिथे जायला कुणी कुणाला लावलं, आणि ‘नाही’ कुणी म्हणायला हवं होतं, हे आलं की वाटा वेगळ्या. म्हणून आता माझी एक सवय: लेखक त्या दिवशी कुठे होता ते आधी बघायचं. 20 ऑक्टोबरला चिनी तुटून पडले तेव्हा कौल आजारी, दिल्लीत होते.

प्रसादांचं पुस्तक सर्वांत पातळ. त्यांना लढाई चालू असतानाच डिव्हिजनवरून हटवलं होतं. ते ठसठसणं पानोपानी जाणवतं.

नंतर ग्रंथालयातून पूर्व विभागाचे तेव्हाचे सेनापती जनरल थोरात यांचं आत्मचरित्र (1986) आणलं. मराठी माणूस, त्यामुळे मी आधीच विरघळलेला. मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेऊन त्यांनी चीनचा धोका मांडला होता. ‘मी सांगितलं होतं’ हे 1986 मध्ये लिहायला काही लागत नाही. 1960 मध्ये सांगायला लागलं, तेवढं त्यांच्या नावावर जमा.

या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स-भगत चौकशी अहवाल सरकारने आजही खुला केलेला नाही. त्या रिकाम्या खुर्चीत ही पुस्तकं बसली आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका कामठीला लष्करात कारकून होते. ते नेहमी म्हणतात, "दिल्लीनं मारलं बाप्पा आपल्या पोरांना." थेट दळवींचा सूर. कुठे वाचलं विचारलं, तर, "त्यात वाचाचं काय आहे? सगळ्याईले माहीत आहे."

घ्यायचीच असतील तर कौल आधी वाचा, दळवी नंतर. उलट केलंत तर कौलांना न्याय मिळणं कठीण. काकांना मी मुद्दाम कौल दिलं. तीन आठवड्यांत बारा पानं झाली. "हा बुवा सफाई देऊन राहिला," म्हणाले. दळवी देऊ का, विचारलं.

"काऊन? ते तं माहीत आहे मले."