मणिकर्णिकेवर आईकडून घेतलेले 7,150 रुपये

काशीला निघताना आईने पर्सच्या आतल्या कप्प्यात बाबांचा एक जुना पासपोर्ट फोटो ठेवला होता. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध झाल्यापासून तिचं एकच चाललं होतं, "काशीस जावे नित्य वदावे म्हणतात, आम्ही दोघं चाळीस वर्षं नुसतं वदतच राहिलो." म्हणून जानेवारीत ती, मी आणि माझा नववीतला मुलगा असे तिघं महानगरी एक्स्प्रेसने निघालो. विधी काही करायचे नव्हते. चार दिवस निवांत राहायचं, घाट बघायचे, नावेत बसायचं, सारनाथ करायचं आणि भाचीच्या लग्नासाठी एक बनारसी घ्यायची, एवढाच बेत होता.

पहिले दोन दिवस फार छान गेले. दशाश्वमेधच्या शेजारी अहिल्याबाई घाटावर आई बराच वेळ पायरीवर हात ठेवून बसली होती. विश्वनाथाचं आताचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधून घेतलं, हे तिने नातवाला दोनदा सांगितलं. संध्याकाळची गंगाआरती आम्ही पायऱ्यांवर बसून पाहिली. तिथे बसायला एक पैसा लागत नाही, तासभर आधी जाऊन जागा धरायची. "पुढची जागा देतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ पुढे चालू लागा. सकाळी मातीच्या कुल्हडमध्ये मलइयो खाल्लं. तो दुधाचा केशरी फेस फक्त थंडीत मिळतो, जिभेवर ठेवला की विरून जातो. हे सगळं लिहिते आहे कारण मला काशीची बदनामी करायची नाही. परत जायची वेळ आली तर मी आनंदाने जाईन. पण तिसऱ्या दिवशी जे झालं ते तुमच्या आईबरोबर होऊ नये, म्हणून तपशिलात सांगते.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं, नावा बंद होत्या. म्हणून दशाश्वमेधपासून घाटाघाटाने उत्तरेकडे चालत निघालो. मानमंदिर, मीर घाट, ललिता घाट आणि मग मणिकर्णिका. लांबूनच लाकडांच्या थप्प्या दिसायला लागतात, घराएवढ्या उंच. खाली पाण्याला लागून तीन-चार चिता पेटलेल्या होत्या. आई थबकली. मुलाच्या हातात मोबाइल होता, तो फोटो काढत नव्हता, वेळ बघत होता. तेवढ्यात मागून एक माणूस आला, पस्तिशीचा असेल, अंगात स्वेटर, गळ्यात रुद्राक्ष. जरा चढ्या आवाजात म्हणाला, "फोटो मत लीजिए, यहाँ मना है."

आम्ही तिघंही ओशाळलो. चितांचे फोटो काढू नयेत हे खरंच आहे, त्यामुळे त्याचं काही चुकीचं वाटेना. मुलाने लगेच फोन खिशात टाकला. आपण काहीतरी अपराध केला आणि या माणसाने सांभाळून घेतलं, अशी मनाची अवस्था झाली. लगेच त्याचा आवाज मऊ झाला. "कोई बात नहीं बेटा. माताजी, नीचे औरतें खड़ी नहीं रहतीं, ऊपर से देखिए. मैं यहीं सेवा करता हूँ, कुछ पैसा नहीं चाहिए."

"पैसा नहीं चाहिए" हे शब्द लक्षात ठेवा. आम्ही न विचारता तो हे तीनदा म्हणाला.

बोलता बोलता त्याची नजर आईच्या गळ्याकडे गेली. ते मी पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं, आणि तरीही काही केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आई मंगळसूत्र घालत नाही आता, कपाळाला बारीकशी काळी टिकली लावते. त्याने हळू आवाजात विचारलं, "बाबूजी कब गए?" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं सांगून टाकलं. बाबांचं नाव, हृदयविकार, दवाखान्यातले अकरा दिवस, काशीला यायचं राहून गेलं ते. तो मान खाली घालून ऐकत होता. पुढच्या पंधरा मिनिटांत त्याने जे काही बोललं, त्यात दर दुसऱ्या वाक्यात बाबांचं नाव होतं.

त्याने आम्हाला एका काळवंडलेल्या इमारतीत वर नेलं. अर्धवट पडका जिना, वर मोकळी खोली, खिडकीला गज नाहीत, खाली चितांची धग जाणवत होती. मरणाची वाट बघायला आलेले गरीब लोक इथे राहतात, त्यांना कुणी नाही, चितेला लाकूडही नाही, असं तो म्हणाला. कोपऱ्यात तपकिरी शाल पांघरलेली एक म्हातारी बसली होती. त्याने खूण केली तशी ती उठली आणि आईच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. तिच्या मनगटात एकच काचेची बांगडी होती, ती निसटू नये म्हणून लाल दोऱ्याने बांधलेली.

मग लाकडाचा विषय निघाला. एक किलो 650 रुपये. "बाबूजी के नाम से दे दीजिए, उनको शांति मिलेगी." आई म्हणाली, दोन किलोचे देते. तो म्हणाला, दोन किलोत काय होतं माताजी, अकरा किलो तरी लागतात, बाबूजींसाठी एवढंही नाही? मी मधे पडले, म्हटलं, एवढे नाहीत आमच्याकडे. त्यावर तो माझ्याशी बोललाच नाही. आईकडे बघून म्हणाला, "माताजी, बेटी हिसाब कर रही है. मसान में हिसाब नहीं करते." दरम्यान जिन्याच्या तोंडाशी दोन तरुण येऊन उभे राहिले होते. काही बोलले नाहीत, नुसते उभे होते.

आईने पर्समधले पाच हजार काढून दिले. उरलेले 2,150 मी मोबाइलवरून भरले. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव आलं ते कुठल्या न्यासाचं नव्हतं, आश्रमाचं नव्हतं, एका मोबाइल सेंटरचं होतं. मी ते वाचलं आणि तरीही पिन टाकला, कारण आई रडत होती आणि मला त्या जिन्यावरून तिला घेऊन खाली उतरायचं होतं. पावती मागितली तर तो म्हणाला, पुण्याची पावती वर मिळते.

खरा प्रकार दुसऱ्या दिवशी कळला. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंना आईने मोठ्या समाधानाने हे दान सांगितलं, आणि काकूंचा चेहराच उतरला. मग त्यांच्या मुलाला बरोबर घेऊन मी परत गेले. घाटाच्या वरच्या अंगाला लाकडाच्या वखारी आहेत, भलेमोठे लोखंडी तराजू टांगलेले असतात, आणि लाकूड मणाच्या हिशेबात विकलं जातं. एक मण म्हणजे चाळीस किलो. वखारवाल्याला आंब्याच्या लाकडाचा भाव विचारला. ज्या पैशांत आम्ही एक किलो 'दान' केलं, त्या पैशांत तिथे जवळपास मणभर लाकूड आलं असतं. तो म्हणाला, आमच्याकडे कुणी असं किलो-किलो देत-घेत नाही, ते लोक आमचे नव्हेत. चितेला काही मण लाकूड लागतं, अग्नी डोमांकडून, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चितेचं काम करणाऱ्या लोकांकडून, घ्यावा लागतो, आणि हे सगळं ज्याच्या घरचं माणूस गेलंय तो स्वतः बघतो. वाटेवर उभं राहून पाहुण्यांकडून गोळा करायची तिथे पद्धतच नाही.

आणखी एक. मरण जवळ आलेल्यांना ठेवून घेणारी जागा काशीत खरंच आहे. मुक्तिभवन 1958 पासून चालू आहे, पण ते गिरजाघर चौकाच्या बाजूला आहे, मणिकर्णिकेच्या काठावर नाही. आम्हाला दाखवलेली ती खोली रिकामी होती. परत गेलो तेव्हा तिथे एक कुत्रं झोपलं होतं.

त्याच दिवशी दुपारी सारनाथहून येताना साडीचंही असंच झालं. ते थोडक्यात सांगते. रिक्षावाल्याने गप्पांत विचारलं, घरात लग्न वगैरे आहे का. मुलगा भाबडेपणाने म्हणाला, "हो, आमच्या ताईचं आहे मे महिन्यात." रिक्षा वळली ती थेट एका 'विणकर केंद्रा'समोर थांबली. पुढे एक हातमाग मांडलेला, त्यावर एक आजोबा विणत बसलेले, आणि आत कपाटंच्या कपाटं. शुद्ध कातान, म्हणजे अस्सल रेशीम, म्हणून 9,500 ची साडी घेतली. घरी आल्यावर पदराच्या कडेचा एक धागा ओढून जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. आमचा धागा वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला. बनारसीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे. शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल बघा, साडी उलटी करून बघा. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली असते, मागून धागे लोंबत नाहीत. आणि रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात काही घेऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

दोन्हीकडे सुरुवात एकाच जागी झाली, हे मला घरी येऊन लक्षात आलं. कुणीतरी आपुलकीने घरचं विचारलं आणि आम्ही सांगितलं. एकाने गेलेलं माणूस विचारलं, दुसऱ्याने होणारं लग्न. त्यानंतर ते लाकूड विकत नव्हते की साडी विकत नव्हते. आमचंच माणूस पुढे करून पैसे मागत होते, आणि आपल्या माणसाच्या नावाने मागितलेल्या पैशांत घासाघीस करायला कुणाचीच जीभ वळत नाही. म्हणून वयस्क माणसांना घेऊन जात असाल तर निघण्याआधीच सांगून ठेवा, घाटावर अनोळखी माणसाला घरचं काही सांगायचं नाही. "वर या, दाखवतो" म्हटलं की वर जायचं नाही. मणिकर्णिका पाहायचीच असेल तर नावेतून, लांबून पाहा. नाव ठरवताना माणशी की पूर्ण नावेचे, किती वेळ, जाऊन-येऊन की एकाच बाजूचे, हे चढण्याआधी मुलाबाळांसमक्ष मोठ्याने बोलून घ्या.

मी पोलीस चौकीत अर्ज दिला आहे. मोबाइलवरून गेलेल्या पैशांची तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. प्रवाशांसाठी 1363 ही पर्यटन हेल्पलाइन चोवीस तास असते, ती मला तेव्हा माहीत असती तर जिन्यावरूनच लावली असती. पैसे अजून आलेले नाहीत.

निघायच्या सकाळी दशाश्वमेधच्या पायऱ्यांवर भीक मागणाऱ्या बायकांच्या रांगेत आईला ती तपकिरी शाल दिसली. बांगडीला तोच लाल दोरा. आईने तिला ओळखलं, तिने आईला ओळखलं नाही. आई तिच्याजवळ बसली आणि हिंदीत विचारलं, तुम्ही त्या घरात राहता ना? ती म्हणाली, नाही, तो बोलावतो तेव्हा जाते, एका वेळचे वीस रुपये देतो. आई थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग तिने समोरच्या टपरीवरून दोन चहा सांगितले, एक स्वतःसाठी आणि एक तिच्यासाठी.